नानांचा सदरा

नमस्कार श्रोतेहो. छातीच्या मधल्या हाडावर हात ठेवा. त्या हाडाच्या मागं, हृदयाच्या जरा वर, एक मऊ, दोन पाकळ्यांची ग्रंथी असते. तिचं नाव थायमस. मराठीत यौवनलोपी ग्रंथी, म्हणजे तारुण्यात लोपत जाणारी. किती नेमका शब्द! आपल्या वाईत विश्वकोशासाठी माणसांनी वर्षानुवर्षं खपून शास्त्राला असे शब्द दिले. आपण ते मुलांच्या कानावरसुद्धा घालत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर या ग्रंथीत आपल्या टी पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी, शिकतात. टी हे अक्षर थायमसचंच. या पेशींचा जन्म हाडांच्या मज्जेत, शिक्षण थायमसमध्ये. लक्षात ठेवा, जन्म मज्जेत, शिक्षण थायमसमध्ये. त्या काय शिकतात, हे मला पुस्तकाआधी आमच्या आबांनी दाखवलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. जावळी तालुक्यात आमचं रानातलं घर. राखणीला कुत्रं हवंच. नाना, माझे धाकटे चुलते, मुंबईला माथाडी कामगार. एका वर्षी जत्रेसाठी ते शेवटच्या एसटीनं आले, फाट्यावरनं अंधारात चालत घरी पोचले, आणि आमच्याच मोत्यानं त्यांच्या पोटरीचा लचका तोडला. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात १४ इंजेक्शनं. नानांची अख्खी रजा त्यात गेली. जत्रा राहिली, पालखी राहिली. आजी दारात बसून रडत होती, "पोरगं वरसानं घरी आलं आन् घरच्याच कुत्र्यानं फाडलं!"

पुढच्या वेळी पिल्लं झाली तेव्हा आबांनी ठरवलं, आता पारखूनच घ्यायचं. पिल्लं सहा. आबा उकिडवे बसले आणि रिकामा हात पुढं केला. दोन पिल्लं हाताकडं फिरकलीच नाहीत, पोत्यावर झोपून राहिली. आबा म्हणाले, "ह्यास्नी माणसाचा वासच कळंना. ही काय राखण करणार?" ती बाजूला. उरली चार. मग आबांनी घरातली एकेक वस्तू त्यांच्या नाकापुढं धरली. आजीचं लुगडं, माझं दप्तर, पाळण्यातल्या बाळाची दुपटी, गोठ्यातलं दावं. एकानं दुपट्यावर दात रोवले ते सोडेना. तेही बाजूला.

आणि मग आबांनी खुंटीवरचा नानांचा सदरा काढला. न धुतलेला. आजी धुवायला मागायची, तर आबा हात लावू द्यायचे नाहीत. "ऱ्हाऊ दे त्यो घाम. नाना मुंबईला हाय, पर त्याचा वास हितं पायजे." गोणपाटाचा, घामाचा, तंबाखूचा वास. महिनाभर रोज संध्याकाळी पिल्लांना तो सदरा हुंगवला. त्यातलं वाघ्या आम्ही ठेवलं. पुढच्या जत्रेला नाना रात्री दोनला आले. वाघ्या भुंकत धावला, जवळ जाऊन थबकला, पायाशी हुंगलं आणि शेपूट हलवायला लागला. नाना तिथंच मातीत बसले आणि त्याला पोटाशी धरलं. मी कंदील घेऊन उभा होतो.

थायमसमध्ये हेच चालतं. प्रत्येक टी पेशी आपली पकड, म्हणजे समोरचं ओळखून धरणारा अंगावरचा रेणू, जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून बनवते. म्हणून कोट्यवधी तऱ्हा तयार होतात आणि उद्या येणाऱ्या नव्या रोगजंतूलाही धरणारी एखादी त्यात सापडते. पण त्यातच स्वतःच्या शरीराला फाडणाऱ्याही निपजतात. म्हणून परीक्षा दोन. पहिली, शरीराच्या पेशी प्रथिनांचे तुकडे ज्या रेणूंवर धरून दाखवतात, ते रेणू हलकेच ओळखता आले पाहिजेत. नाही आले, तर ती पेशी मरते. दुसरी, घरच्यावर दात रोवायचे नाहीत. रोवले, तर बहुतेक मरतातच. आबा नापास पिल्लं कुणाला तरी देऊन टाकायचे. इथं ती सोय नाही. १०० पैकी ९५ च्या वर पेशी थायमसमध्येच संपतात.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इन्शुलिन तयार होतं स्वादुपिंडात, पोटात. मग छातीतल्या पेशीला ते घरचं आहे हे कळावं कसं? थायमसच्या आतल्या भागात काही पेशी असतात. त्यांच्यात एअर नावाचं जनुक काम करतं आणि दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं तिथंच थोडी थोडी बनवून दाखवतं. खुंटीवरचा सदरा! हे जनुक जन्मतः बिघडलेलं असलं, तर शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर तुटून पडतं.

इतक्या पेशी मरताना दिसायच्या, म्हणून ही ग्रंथी निकामी आहे असं डॉक्टरांना फार काळ वाटत होतं. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापला. ते उंदीर जंतुसंसर्गाला बळी पडत. परक्या उंदराची कातडी लावली तर ती नाकारतही नसत, त्यांच्या पाठीवर दुसऱ्याच रंगाची लव वाढायची.

तरी काही चावऱ्या पेशी निसटतातच. त्यांना दाबणाऱ्या राखणदार टी पेशीही असतात, जशी आमची म्हातारी कुत्री गुरगुरून वाघ्याला गप्प करायची. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून बाटल्या विकणाऱ्यांचा मला राग येतो. नुसती वाढवून काय करायची? मोत्याची काय कमी होती?

लहान बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या वर रुंद सावली दिसली, तर आईबाप घाबरतात. पुष्कळदा ती थायमसच असते, बाळपणी ती मोठीच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशात डॉक्टरही तिला घाबरले आणि धडधाकट बाळांच्या छातीवर किरणांचा मारा केला. त्यातल्या काहींना मोठेपणी थायरॉइडचा कर्करोग झाला. ते वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते, जागी चरबी भरते. लहानपणी शिकून बाहेर पडलेल्या पेशी मात्र वर्षानुवर्षं अंगात फिरत राहतात. वाघ्याही आमच्याकडं चौदा वर्षं होता. नाना कायमचे गावी आले, तेव्हा तो सदरा अजून खुंटीवरच होता.

नमस्कार.