पावसात फुगलेलं दार

(दृश्य: डिचोली तालुक्यातलं कौलारू घर. पागोळ्या गळताहेत. एक बाई दाराला खांदा लावून बाहेर येतात.)

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि दारं फुगतात. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. म्हणून दार उंचीला होतं तेवढंच राहतं आणि चौकटीत मात्र मावेनासं होतं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावणी सुरू होतात. गणपती याच दारातून आत यायचा, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान याच दारातून न्यायचं. आजचे मेस्त साठीकडे झुकलेले. सोबत भाचा, त्याचा हा पहिलाच पावसाळा. आणि प्लॅस्टिकच्या खोक्यात इलेक्ट्रिक रंधा, लाकूड पातळ सोलून काढणारं मशीन.

खोक्यात मशीनबरोबर ओलावा शोषणाऱ्या पुड्या आहेत, नव्या बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या. पातं कितीही चांगलं असलं तरी इथल्या दमट हवेत आठवडाभर तसंच पडलं की धारेवर तांबेरा येतो. मेस्त काम संपल्यावर पात्यावर तेलाचं बोट फिरवून ठेवतात.

(दृश्य: मशीन उलटं धरलेलं. पिन सॉकेटबाहेर, वायर गुंडाळलेली.)

हाताच्या रंध्यात पातं स्थिर असतं आणि माणसाचा जोर फिरतो. इथे उलटं. तळाच्या दोन पत्र्यांमध्ये एक ड्रम आहे, त्यावर दोन पाती. मिनिटाला 16 हजार फेरे धरले तर लाकडावर 32 हजार काप पडतात. हात मिनिटाला चार मीटर सरकला, तर प्रत्येक काप मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. हात घाईने ओढला की पृष्ठभागावर लाटा उमटतात, रेंगाळला की लाकूड करपतं.

पुढचा पत्रा खालीवर होतो, तो किती सोलायचं ते ठरवतो. मागचा पत्रा हलत नाही. पात्याची धार त्याच्या अगदी बरोबरीत हवी. मेस्त लोखंडी पट्टी मागच्या पत्र्यावर ठेवून ड्रम हाताने हळू फिरवतात. धार पट्टीला नुसती शिवली पाहिजे. खाली राहिली तर काप सुरू होताना खड्डा पडतो, वर आली तर काप संपताना. भाचा विचारतो, "मामा, हे दर वेळी बघायचं?"

"पातं काढलंस की दर वेळी."

पाती बदलायची ती जोडीनेच. एक नवं, एक झिजलेलं लावलं की वजनात फरक पडतो, ड्रम थरथरतो आणि काही महिन्यांत बेअरिंग ओरडू लागतं. बसवण्याआधी खाच स्वच्छ पुसायची. लाकडाचा एक कण जरी मागे राहिला, तरी पातं तिरकं बसतं. आणि बोल्ट सगळे घट्ट. इथे विसरभोळेपणाला जागा नाही, कारण सुटलेलं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश खुणेपर्यंत झिजले की दोन्ही एकदम बदलायचे. मोटर फिरते पण ड्रम जागचा हलत नाही, असं झालं तर बाजूच्या झाकणाखालचा पट्टा बघायचा. ही कामं सोपी आहेत. पण पिन काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

(दृश्य: दार बिजागऱ्यांवरून उतरवून कडेवर उभं केलेलं. भाचा कडेवरून चुंबक फिरवतो.)

जुन्या घरातलं दार म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या डागडुजीचा साठा. चुंबक एका जागी चिकटतो. रंगाच्या थराखाली खिळा. हाताच्या रंध्याला तो लागला तर धार बोथट होते, या मशीनला लागला तर ठिणगी उडते आणि पात्याचा तुकडा उडू शकतो. खिळा पकडीने बाहेर येतो.

ओल्या पडवीत कामाला बसायचं, तर तीस मिलिअँपिअरच्या वीजगळतीवर तुटणारा ब्रेकर घरात आहे का ते मेस्त आधी विचारतात. एक्स्टेन्शनची वायर जाड, आणि लागेल तेवढीच लांब. बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर तापते. मशीनची वायर ते खांद्यावरून मागे सोडतात. आपलीच वायर कापून घेतलेले सुतार कमी नाहीत.

दोन्ही हात मुठींवर. दाराच्या अरुंद कडेवर आधारासाठी बोटं तळाखाली वळवायचा मोह होतो, आणि बहुतेक बोटं तिथेच जातात. आधी मशीन पूर्ण वेग घेतं, मग लाकडाला टेकतं. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. एकेका खेपेला अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

तिसऱ्या खेपेला दिवे जातात.

(दृश्य: अंधारलेली पडवी. फक्त पावसाचा आवाज.)

भाचा हसून मशीन खाली ठेवायला जातो. मेस्त त्याचा हात तसाच थांबवतात. आधी खटका सोडायला लावतात, मग स्वतः जाऊन पिन काढतात. अनेक मशीनांना खटका दाबलेलाच राहावा म्हणून एक बटण असतं, लांब कामात बोट दुखू नये म्हणून. ते अडकलेलं असलं आणि वीज परत आली, तर जमिनीवर ठेवलेलं मशीन एकटंच धावत सुटतं. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते, तिथे ही सोय कसली! मेस्त ते बटण वापरतच नाहीत.

वीज असतानाही खटका सोडल्यावर ड्रम काही सेकंद फिरत राहतो. मोटरचा आवाज थांबतो आणि माणूस समजतो, झालं. म्हणून मशीन टेकवायचं ते मागचा छोटा पाय उघडून, तेही ड्रम थांबल्यावर. ढलप्या अडकल्या तर पिन काढून काडीने, बोटाने नाही.

वीज येते. काम पुढे सुरू होतं. वरच्या कडेला दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांच्या तंतूंची कापलेली टोकं लागतात, तिथे मेस्त दोन्ही बाजूंनी मध्याकडे येतात, नाहीतर टोकाचं लाकूड उचकटतं. दोघांच्या तोंडावर मास्क, कानात बोळे. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच नोंदवलं आहे. मेस्तांच्या वडिलांना मास्क माहीत नव्हता, एवढंच ते सांगतात आणि विषय बदलतात.

दार परत चौकटीत बसतं. खालच्या कोपऱ्यात अजून थोडं घासतं.

"मेस्त, तेवढं पण काढून टाका ना."

"नको वहिनी. आत्ता काढलं तर एप्रिलात बोटभर फट पडेल, आणि मग मला वेगळ्या कामाला बोलवाल." ते कापाची खोली ठरवणारी मूठ शून्यावर फिरवतात. "दिवाळीनंतर लाकूड सुकलं की येतो. तेव्हा कडांना तेल पण लावू."

भाचा पात्यावर तेलाचं बोट फिरवतो. दाराखालून पाणी आत येऊ नये म्हणून कुणीतरी गोणपाट टाकलं आहे. मशीन खोक्यात जातं, पिन सर्वांत वर.