ठिपक्यांच्या कोरीची अंडी, आणि त्याआधी वाळू

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय अंड्यांचा. तिथं पोचूच. पण आधी टाकीच्या तळाचं बोलू द्या. तळ बिघडलेल्या टाकीत अंडी मागून उपयोग नाही.

ठिपक्यांची कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी वावरणारा छोटा मिशाळ मासा, शास्त्रीय नाव कोरिडोरास पॅलिएटस. बीगल जहाजावरच्या प्रवासात डार्विननं गोळा केलेल्या माशांतली ही. १८४२ मध्ये जेनिन्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं तिचं वर्णन केलं. नव्या वर्गवारीत तिला होप्लिसोमा म्हणतात, दुकानात मात्र कोरीच मागा. मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं ला प्लाता नदीचं खोरं. तिकडं थंडी पडते, म्हणून १८ ते २४ अंशांचं पाणी तिला मानवतं. बेळगाव-खानापूरची हवा त्यामुळं तिच्या सोयीची. अडचण एप्रिल-मेची. तेव्हा पाण्यावरून आडवा पंखा सोडा आणि आटलेलं पाणी रोज भरा.

आता वाळू. कोरी तोंड वाळूत खुपसते, घास घेते, खाण्याजोगं गिळते आणि वाळू कल्ल्यांतनं सोडते. टाकीसमोर बसून बघा, गालाखालून बारीक धार पडताना दिसते. रंगीत खडी घातलीत की हा घासच बंद. शिवाय खडीच्या फटीत उरलेलं खाणं कुजतं आणि त्या घाणीत तिच्या मिशा झडतात. क्रशरची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूही नको, कडा धारदार असतात. मलप्रभेकडची नदीची वाळू मिळाली तर रव्याच्या चाळणीतनं काढा, खाली पडेल ती घ्या, पाणी नितळ होईतो आठ-दहा वेळा धुवा. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, टाकीचं पाणी जड होणार, ती सोडून द्या. थर दोन-तीन सेंटिमीटर पुरे. जाड केलात तर खाली काळा पडतो.

आणि ‘ती घाण खाऊन टाकी साफ ठेवते’ हे मनातनं काढाच. उरल्यासुरल्यावर ठेवलेली कोरी उपाशी मरते. दिवे मालवल्यावर बुडणारी गोळी द्या. सहाजणी तरी एकत्र हव्यात.

मध्येच ती वर झेपावून हवेचा घोट घेते, आतड्यातनं प्राणवायू शोषते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. पकडायला वाटी घ्या. जाळ्यात परांचे काटे अडकतात.

वेळ संपत आलीय, अंडी झटपट सांगतो. एका मादीमागं दोन नर. वरनं बघितलं की मादी रुंद दिसते. आठवडाभर ब्लडवर्म, म्हणजे माशांना घालायच्या लाल अळ्या द्या, मग निम्मं पाणी बदला, नवं पाणी तीन-चार अंश गार. नळाचं पाणी आधी दिवसभर एअर पंप लावून ठेवलेलं हवं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. मृगाचा पाऊस सुरू झाला की हा प्रयोग करून बघा. मादी पोटाखालच्या परांत दोन-चार अंडी धरते आणि काचेला चिकटवते. आईबापच ती खातात. बोटानं हळू लोळवून वेगळ्या डब्यात घ्या, हवेचा बारीक बुडबुडा चालू ठेवा. पांढरं पडलेलं अंडं लगेच काढा, बुरशी शेजारच्यावर चढते. चार-पाच दिवसांत पिल्लं निघतात. पोटाची पिवळी थैली संपली की ब्राइन श्रिंपची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, ताजी पिल्लं द्या. डब्यातलं थोडं पाणी रोज बदला, तेही मोठ्या टाकीतलंच घालून.