मायना आणि मजकूर

अध्यक्ष महाशय, आणि खानापूर-निपाणीहून शेवटच्या बसचा हिशेब मनात ठेवून बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘खुशामत : गुण आणि धोके’. धोक्यांकडे येतो. आधी गुणांबद्दल बोलू, कारण त्यांच्या बाजूनं कुणी बोलत नाही. करतात मात्र सगळे.

लग्नपत्रिकेवरचं ‘स. न. वि. वि.’ सगळ्यांनी वाचलंय. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. हे एका मोठ्या शास्त्राचं उरलंसुरलं शेपूट आहे. सांगली, मिरज, जमखंडी, इकडं रामदुर्ग, या संस्थानी मुलखात मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला मायने तोंडपाठ लागत. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, शास्त्रीबुवांना ‘वेदशास्त्रसंपन्न’, बरोबरीच्याला ‘राजमान्य राजेश्री’. सरदार असेल तर आधी ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’. मग तो सरदार सावकाराच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला का असेना! पुढं ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. विशेष.’ आणि त्यानंतर खरा मजकूर : दाणागोटा संपला, वसुली थकली, घोडी मेली.

यातली अक्कल बघा की. स्तुतीला जागा नेमून दिलेली आणि मापही ठरलेलं. ‘अखंडितलक्ष्मी’ वाचून कुणी सरदार फुगत नसे, कारण शेजारच्यालाही तेच लिहिलं जाई. मायना एक पायरी घसरला तर मात्र रुसवा ठरलेला. वाचणाऱ्याची नजर सरळ ‘विशेष’वर जायची. म्हणजे मान राखला जायचा आणि घोडी मेल्याची बातमीही पोचायची.

आता चौकात या. फ्लेक्स. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचे फोटो त्यावर आहेत.) दहा बाय आठचा वाढदिवसाचा फलक कसा होतो? वर गोलात वरिष्ठ नेते. नेत्यांचे नेते डावीकडून पहिले, हा क्रम चुकला तर फलक रात्रीतून उतरतो. मधे सत्कारमूर्ती, हात जोडून, नेहमी चालत येताना. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि खरं राजकारण त्या रांगेत. कुणाचं डोकं कुणापेक्षा अर्धा इंच मोठं झालं, यावरून गल्लीतलं मंडळ फुटतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असतो. तो येतानाच दाबून लहान झालेला, त्यामुळं दहा फुटांवर ताणला की शुभेच्छुकाच्या गालावर चौकोन उमटतात. जाणकार कार्यकर्ता फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, तो नेत्याच्या शेजारी स्वच्छ दिसतो. मग लाकडी चौकट, काठाला आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, आणि वारा जायला कापडात चिरा. चिरा कुठं द्यायच्या? नेत्याच्या तोंडावर देता येत नाहीत, म्हणून देतच नाहीत. मग पहिल्या वळवाला ‘भावी आमदार’ तारेवर लोंबतात.

आपल्या या कर्नाटकात २०१६ मध्ये प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आली. खुशामत कापडावर गेली, आणि पुन्हा फ्लेक्सवर आली. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं, हा २०२४ चा नियम. पाटीच्या मापांवरून आपण किती भांडतो ते तुम्हाला माहीत आहे. पण कन्नड साहेबाला त्याच्याच भाषेत ‘नमस्काररी साहेब्र’ म्हणताना आमचा मराठी कार्यकर्ता टक्के मोजत नाही. माझं गाऱ्हाणं इतकंच, की या फलकावर मायनाच मायना आहे, मजकूर कुठं आहे? गटार तुंबलंय हे कुणी लिहीत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. बरं, धोके.

खुशामत्यापुढं एक पेच असतो. एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये तो मांडला : ज्याला गरज जास्त, त्याच्या स्तुतीवर संशयही जास्त. म्हणून मुरलेला माणूस थेट स्तुती करत नाही. तो तुमच्या मताला मान डोलावतो, लहानसहान कामं करून देतो. अ‍ॅरन्सन आणि लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवलं की सुरुवातीपासून गोड बोलणाऱ्यापेक्षा आधी टीका करून मग स्तुतीवर येणारा माणूस जास्त आवडतो. तेव्हा ‘साहेब, मी तोंडावर बोलणारा माणूस’ अशी सुरुवात झाली, की खिसा सांभाळा.

फुगणं हा धोका किरकोळ. मोठा धोका असा, की स्तुती मायन्यातून मजकुरात शिरते. साखर कारखाना घ्या. चोथ्यातून साखर वाया जातेय हे प्रयोगशाळेत दिसतं. पाळीवरचा माणूस म्हणतो ‘थोडं जास्त आहे’, त्याचा वरिष्ठ म्हणतो ‘आटोक्यात आहे’, अध्यक्षांपर्यंत जातं ‘झकास, साहेब’. एकानंही ठळक खोटं सांगितलेलं नाही. पण उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरल्याचं अध्यक्षांना कळतं ते हंगाम संपल्यावर, वार्षिक सभेत, शेतकऱ्याच्या तोंडून.

उपाय दोन, पटकन सांगतो. अहवालाचा कागद आधी मागा, बोलणं नंतर ऐका, आणि कागद प्रयोगशाळेतून थेट येऊ द्या, मधल्या दोन टेबलांवरून नको. दुसरं, स्तुती करताना तपशील घाला. ‘छान भाषण’ कुणालाही चिकटतं. ‘वसुलीचा मुद्दा पटला, आकडा जुना होता’ असं म्हणायला भाषण ऐकावं लागतं. अशी स्तुती पोराला, सुनेला, शिपायाला जरूर करा, कुचराई नको. त्यानं काम सुधारतं, कारण नेमकं काय जमलं ते त्यांना कळतं.

यंत्रांच्या खुशामतीवर बोलायचं राहिलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका चॅटबॉटची सुधारित आवृत्ती, माणसांना फारच हरभऱ्याच्या झाडावर चढवते म्हणून, कंपनीला मागं घ्यावी लागली. त्यावर प्रश्न असतील तर बाहेर चहाला विचारा. माईकवाल्यांना मंडप सोडायचाय.