पाचोळ्याचं कोठार

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री सव्वानऊच्या सुमारास वसतिगृहाच्या मेसच्या मागच्या दाराशी उभं राहिलं, की एक आवाज सतत येत असतो: निळ्या पिंपाच्या काठावर ताटं आपटण्याचा. अर्धी पोळी, भाताचा ढीग, दुधीच्या फोडी आणि या सगळ्यावर ओतलेली आमटी. सकाळी घंटागाडी येईपर्यंत त्याचा आंबूस लगदा झालेला असतो. हा लगदा आवाराबाहेर न पाठवता विद्यार्थ्यांनी तिथेच कसा जिरवायचा, याबद्दल आज बोलू या.

कॉलेजात खताचे हौद बांधणं अवघड नाही. पाचशे विटा, दोन दिवसांचा गवंडी आणि उद्घाटनाची फीत, एवढ्यात काम होतं. ते चालू ठेवणं अवघड असतं. पहिल्या हिवाळ्यात झकास चाललेला हौद पुढच्या श्रावणात घाण मारायला लागतो, शेजारच्या इमारतीतून तक्रार जाते आणि कुणीतरी त्यावर फरशी टाकून मोकळं होतं. यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ओल्या कचऱ्यात मिसळायचा कोरडा पाचोळा संपलेला असतो.

पण हौदाच्याही आधी काटा आणा. ५० किलोपर्यंत तोलणारा, आकड्याला लटकवायचा साधा वजनकाटा पुरतो. तीन बादल्या ठेवा. एकीत साली, देठं, भाजीचा कचरा. दुसरीत ताटात टाकलेलं. तिसरीत पातेल्यात उरलेलं. रिकाम्या बादलीचं वजन तिच्यावरच रंगाने लिहून ठेवा, म्हणजे रोज वजाबाकीचा घोळ होत नाही. असं सलग सात दिवस तोला, कारण रविवारच्या गोडाच्या जेवणाचा कचरा आणि मंगळवारच्या गिलक्याच्या भाजीचा कचरा यांत मोठा फरक असतो.

तीन बादल्या अशासाठी, की तिघींचे उपाय वेगळे आहेत. पातेल्यात उरतं, कारण जेवणाऱ्यांचा आकडा चुकतो. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत फळ्यावर नाव लिहायचं, एवढा नियम पाळला तरी ही बादली हलकी होते. ताटात उरतं ते वाढण्यामुळे. भाताचा डाव लहान करा, पहिल्यांदा अर्धाच वाढा, हवा त्याला पुन्हा वाढा. मेसच्या दारावर फक्त कालच्या ताटांतल्या कचऱ्याचं वजन लिहा. त्याखाली उपदेश नको, आकडा पुरे. एखादी भाजी दर आठवड्याला तशीच टाकली जात असेल, तर वही घेऊन मेसच्या मावशींशी बोला. मसाला बदलायचा की भाजी, हे त्यांना नेमकं कळतं. खत होणार आहे म्हणून अन्न टाकलं तरी चालतं, असं मात्र कुणाला वाटू देऊ नका. शिजलेल्या पोळीला गहू, पाणी, गॅस आणि कुणाची तरी पहाट लागलेली असते. खतातून त्यातलं फार थोडं परत मिळतं. ताटातला कचरा आधी कमी करायचा आणि उरेल त्याचंच खत करायचं, हा क्रम मोडू नये.

आता उरलेल्या कचऱ्याचा हिशेब. वसतिगृहात ३०० मुलं आहेत आणि सगळं धरून माणशी १०० ग्रॅम कचरा होतो असं समजू. म्हणजे रोजचे ३० किलो. तुमचा आकडा तुमच्या काट्यावर येईल, पण हिशेबाची रीत हीच. या ओल्या कचऱ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं आणि नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानाने कर्ब (कार्बन) कमी असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात, आणि ओलावा हवा ५० ते ६० टक्के. ३० किलो ओल्या कचऱ्यात १० किलो कोरडा, चुरडलेला पाचोळा मिसळला, की दोन्ही गणितं एकदम जुळतात. वजनाने तीनास एक. पाचोळा हलका असल्यामुळे बादलीच्या मापाने हेच प्रमाण उलटं दिसतं: एक बादली ओल्याला दोन बादल्या पाचोळा. रोजच्या कामात हेच माप लक्षात ठेवा, कारण रोज पाचोळा तोलत बसायला कुणाला वेळ नसतो.

दिवसाला १० किलो म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून साधारण १२०० किलो. मोठ्या गोणीत दाबून भरलेला पाचोळा आठ-दहा किलो बसतो. म्हणजे पावसाळा लागण्याआधी सव्वाशे ते दीडशे भरलेल्या गोण्या छपराखाली हव्यात. ही गोष्ट जुलैत आठवून उपयोग नसतो, कारण तेव्हा झाडं हिरवीगार असतात आणि खाली पडलेलं पान भिजून चिखल झालेलं असतं. आपल्याकडे पानगळ साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत जोरात असते. नेमक्या त्याच दिवसांत आवारात पाचोळ्याचे ढीग करून काडी लावली जाते. जाळणं तर थांबवायचंच, शिवाय तोच पाचोळा आपला पावसाळ्याचा दाणागोटा आहे. त्याचं कोठार भरा.

सगळी पानं सारखी नसतात. पर्जन्यवृक्ष, गुलमोहोर, सोनमोहोर, सुबाभूळ यांची बारीक पानं लवकर कुजतात, कुटायची गरजही पडत नाही. आंबा, फणस, वड यांची पानं चिवट. ती तशीच टाकली तर एकावर एक चिकटून थप्पीसारखी बसतात आणि हवा अडवतात. ती आधी उन्हात कडक वाळवून गोणीत भरा आणि गोणी पायाखाली तुडवा, नाहीतर पाचोळा कुटायचं यंत्र वापरा. सागाचं पानही तुडवूनच घ्या. निलगिरीचं प्रमाण कमीच ठेवा. गोणी भरताना हात थेट ढिगात घालू नका. साप-विंचवांना वाळल्या पानांची ऊब आवडते, म्हणून आधी दाताळ्याने ढीग हलवायचा. कोठार विजेच्या पेटीपासून आणि गॅस सिलिंडरपासून लांब ठेवा, जवळ पाण्याचा नळ हवा.

हौदाचं म्हणाल, तर त्याचा वारसा आपल्याच मातीतला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या हौदाची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. तो मूळ हौद शेतातला, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि दोन दिवसांत एकदम भरून लिंपून टाकायचा. कॉलेजात कचरा रोज थोडा थोडा येतो, त्यामुळे तेवढा मोठा हौद उपयोगाचा नाही. भिंतीतली भोकं मात्र उचलावीत. आपल्या ३० किलोंसाठी ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच असे पाच हौद ओळीने बांधा. विटांच्या दर तिसऱ्या थरात मुठीएवढ्या फटी ठेवा, आणि पुढची बाजू काढता येईल अशा फळ्यांची करा. चारही बाजू पक्क्या बांधल्या, तर पहिलं खत काढताना कुणालातरी आत उतरावं लागतं. हौद फार लहानही नको. घनमीटरच्या आसपास ढीग असला तरच आतली उष्णता टिकते. एक हौद पंधरा दिवसांत भरतो, पुढचे पंचेचाळीस दिवस मुरतो. एक भरता, तीन मुरते, एक रिकामा करायचा, असं चक्र पाचांत बसतं. वर पत्रा हवाच, आणि तो भिंतीच्या दीड-दोन फूट पुढे आलेला हवा, नाहीतर तिरप्या पावसाने हौद भिजतो.

तळाला सहा इंच जाड काटक्या आणि नारळाच्या शेंड्या घाला, पाणी झिरपायला आणि खालून हवा यायला. त्यावर चार बोटं पाचोळा. मग जुन्या खताची एक-दोन घमेली. ती नसतील तर शेणकाला. रोजचं काम दोघांचं, चाळीस मिनिटांचं. ओली बादली आधी भोकं पाडलेल्या बादलीत दहा मिनिटं निथळू द्या. आमटी-रस्सा हौदात जाता कामा नये. भाताचे गोळे फोडा, कारण शिजलेला भात खळीसारखा घट्ट बसतो आणि त्याच्या पोटात हवा शिरत नाही. एक बादली कचरा पसरायचा, दोन बादल्या पाचोळा, दाताळ्याने वरच्या थरात कालवायचं. शेवटी दोन इंच कोरडा पाचोळा पांघरायचा. ओल्या कचऱ्याचा एक कणही उघडा दिसायला नको. हे पांघरूण नीट असेल तर माश्या येत नाहीत.

हौद भरला की आठव्या-दहाव्या दिवशी पहिली पलटणी, त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी. कडेचं मध्ये, मधलं कडेला.

आत काय चाललंय ते कळायला लोखंडी सळई पुरते. मधोमध दोन फूट खोचा, पाच मिनिटांनी ओढा आणि आतलं टोक धरून बघा. चटका बसून हात सुटला, तर आत ५५ अंशांच्या वर तापमान आहे, काम उत्तम चाललंय. नुसतीच कोमट लागली, तर मुठीची परीक्षा करा. हातमोजा घालून आतला मूठभर माल दाबायचा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओलावा बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालंय, पाचोळा घालून पलटा. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच चुरा सुटला, तर पाणी शिंपडा. हे मार्च-एप्रिलच्या उन्हात हमखास होतं.

वासही बरंच सांगतो. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कोंडलीय. अशा वेळी लोक वरून चुना किंवा फिनेल टाकतात. फिनेल कदापि नको, त्याने कुजवणारे जिवाणूच मरतात. उलटून पाचोळा मिसळला की बहुतेक वेळा दोन दिवसांत वास जातो. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे नत्र अमोनिया होऊन उडून जातंय, त्यावरही पाचोळाच. पावसाळ्यात करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसतात आणि पहिल्या वर्षाची मुलं पाठ फिरवतात. या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, माणसाला त्रास देत नाहीत. त्या फार वाढल्या, तर हौदात ओल जास्त झालीय एवढं समजा. पांढरी बुरशी आणि राखेसारखी भुकटी दिसली तर चांगलंच आहे.

काय घालायचं नाही, ते मेसच्या भिंतीवर चित्रांनी लावा. मटणाची हाडं, माशाचे काटे नकोत. त्यांनी उंदीर आणि कुत्री येतात. उरलेलं तेल, लोणचं, पापड यांचं मीठ आणि चिकटपणा बाधतो. कागदी चहाच्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो कुजत नाही. सर्वांत जास्त छळणारी वस्तू मात्र दिसायलाही येत नाही: दुधाच्या पिशवीचा कापलेला तिकोनी तुकडा. असे शेकडो तुकडे खतात येतात आणि चाळणीच्या भोकांतून आरपार जातात. मेसमध्ये एवढंच सांगायचं, की कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. भाजीच्या जुड्यांची रबरं आणि फळांवरचे स्टिकर निवडतानाच काढा.

निवडण्याचं काम सफाई कामगारांवर ढकलू नका. ज्याच्या ताटातला कचरा त्यानेच तो योग्य बादलीत टाकायचा. पहिले तीन आठवडे जेवणाच्या वेळी बादलीपाशी एक विद्यार्थी उभा ठेवला की सवय लागते. हौदावरच्या प्रत्येकाला हातमोजे, पायात बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवं. ताडपत्री वापरत असाल तर तिच्या घड्यांत पाणी साचू देऊ नका, तिथे डेंग्यूचे डास होतात.

साठ दिवसांनी माल काळपट, भुसभुशीत होतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तरी घाई नको. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला, तर ते अजून कच्चं आहे. दुसरी कसोटी मेथीची. एका कुंडीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत वीस-वीस दाणे. खताच्या कुंडीत कमी उगवले तर आणखी पंधरा दिवस मुरू द्या. कच्चं खत झाडाला दिलं तर ते मुळाशी कुजत राहतं, आणि ते कुजवताना मातीतलं नत्रही ओढून घेतं. खत घालताना खोडाला चिकटवू नका, फांद्यांच्या घेराखाली कडं करून मातीत मिसळा. पर्यावरण दिनाला, म्हणजे ५ जूनला, कोरड्या खड्ड्यात रोप लावून फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी खड्ड्यांत हे खत भरून ठेवा, आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा.

राहिला माणसांचा प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं काम असतं. रोज दोघे धरले, तर २८ जणांत प्रत्येकाची पाळी पंधरवड्यातून एकदा येते. हे तास या कामात मोजले जावेत, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. परीक्षेच्या काळात वसतिगृह चालू असतं पण पाळीवर कुणी येत नाही. त्या तीन आठवड्यांपुरती माळीकाकांशी आणि मेसशी आधीच बोलणी करा, आणि त्या कामाचे पैसे द्या.

टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलं एप्रिलमध्ये जातात, म्हणून कामाची सोपवणी जूनवर ठेवू नका, जानेवारीत करा. तेव्हा पानगळ सुरू असते, गोण्या भरायच्या असतात, आणि जुने-नवे दोघं पंधरा दिवस एकाच हौदावर उभे राहू शकतात. सोपवताना तीन वस्तू हातात द्या: वजनाची वही, कोठाराची किल्ली आणि ती सळई. वहीच्या पहिल्या पानावर एकच आकडा मोठा लिहा: ३१ मेपर्यंत किती गोण्या भरायच्या. नवीन मुलांना पहिल्या दिवशी हौद दाखवू नका. आधी कोठारात न्या आणि गोण्या मोजायला सांगा.

नमस्कार.