उतरवायची कुठं?

(अंधार. हॅझर्डचे पिवळे दिवे लागतायत, विझतायत. मोबाईलवर घेतलेलं, हलणारं चित्रण.)

हे चित्रण माझ्या भाच्यानं घेतलंय. हात हलतोय, समजून घ्या. दहा मिनिटांपूर्वी तो याच गाडीत मागच्या सीटवर फराळाच्या डब्यांना टेकून झोपला होता.

पाडव्याची रात्र. पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्ग सोडला की सांगली चाळीसेक किलोमीटर. इस्लामपूर मागं पडलेलं. कागदोपत्री ते आता ईश्वरपूर, पण तोंडात जुनंच येतं. आष्टा समोर दोन-तीन किलोमीटरवर. ताई, दाजी आणि भाचा पुण्याहून भाऊबिजेला आमच्याकडं निघालेले. कुत्रं आडवं आलं. दाजींनी स्टेअरिंग डावीकडं ओढलं आणि गाडी रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर जाऊन बसली. उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर उतरल्या नव्हत्या, हे नशीब. पंधरा दिवसांनी हाच प्रसंग घडला असता तर मागून काय आलं असतं, याचा विचार मी करत नाही.

तिघांनाही खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. म्हणून ही गोष्ट गाडीची आहे. माणूस जखमी असता तर आधी १०८, मग पोलीस, आणि पंचनामा होईपर्यंत गाडीला हातसुद्धा लावायचा नाही, अशी ती निराळी गोष्ट झाली असती.

(टॉर्चच्या उजेडात गाडीचं तोंड.)

बंपर निम्मा लोंबतोय. रेडिएटर फुटलाय, हिरवं कूलंट डांबरावर पसरलंय. आणि हे डावं पुढचं चाक बघा. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म तुटला की चाक असं दिसतं, पाय मुरगळलेल्या बैलासारखं. ही गाडी ढकलूनही हलणार नव्हती.

मी सांगलीहून मोटरसायकलवर पोचलो तेव्हा ताई आणि भाचा रस्त्यापासून लांब, बांधावर बसले होते. मागं पन्नासेक पावलांवर लाल त्रिकोण उभा होता. तो ताईनं लावला होता. दाजी फोनवर होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता.

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला तर नुसती रिंग. माधवनगर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रीनं उचलला, पण तो गावाकडं जावळासाठी गेलेला. "सोमवारी बघू, मालक." लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या. आमच्याकडं एरवीही अमावस्येला कितीतरी गॅरेजची शटर वर जात नाहीत. त्याला लागून पाडवा, भाऊबीज, पुढं शनिवार-रविवार. दिवाळीआधी गाड्या द्यायच्या म्हणून पोरांनी रात्री जागवलेल्या असतात, बोनस हातात पडला की डेंटर जतकडं, पेंटर विजापूरकडं. त्यांनी जाऊच नये का? वर्षातून चार दिवस तर मिळतात. पण ज्याची गाडी कठड्यावर बसलीय त्याला हे त्या क्षणी पटत नाही.

मग विमा कंपनीचा मदत क्रमांक. हे एक दाजींनी बरं केलं, गाडी हलवायच्या आधी फोन केला आणि क्लेमचा नंबर लिहून घेतला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, फ्लॅटबेड ट्रक पाठवते, नजीकच्या अधिकृत वर्कशॉपला गाडी सोडेल." दाजी खूश. हो म्हणणार, एवढ्यात आष्ट्याकडून एक पिवळा दिवा गरगरत आला.

(टोईंग गाडीचा फिरता दिवा. डिझेल इंजिनाचा आवाज.)

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रस्त्यावर गाडी ठोकली की कुठल्यातरी धाब्यावरून, पंपावरून फोन जातो आणि क्रेनवाला येतो. दाजींचा चेहरा बघून मला कळलं की त्यांना हे गिधाड वाटतंय. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. साठीच्या आसपासचे काका खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाशी बसले आणि विचारलं :

"पावणं, उचलतो की. पण उतरवायची कुठं?"

सबंध चित्रफितीचा मुद्दा या एका प्रश्नात आहे. उचलायला कुणीतरी मिळतंच. क्रेन मिळते, हायड्रा, म्हणजे फिरती छोटी क्रेन, मिळतो, नाहीच तर ट्रॅक्टर आणि साखळी मिळते. दिवाळीत मिळत नाही ती गाडी खाली ठेवायची जागा, आणि तिथं ती ताब्यात घेणारा माणूस.

काकांनी हिशेब मांडला. विमा कंपनीचा ट्रक येणार, गाडी वर्कशॉपच्या दारात नेणार. आत फक्त वॉचमन. तो गाडी आत घेणार नाही, कारण जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेतल्याची नोंद, कोण करणार आणि जबाबदारी कुणाची? ट्रकवाल्याला पुढं भाडं असतं. तो गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर उतरवणार, तुमची सही घेणार आणि जाणार. फुकटची फेरी संपली. सोमवारी तीच गाडी आत ढकलायला पुन्हा क्रेन, तीही तुमच्या खिशातून. पाच रात्री ती रस्त्यावर. "बॅटरी, स्टेपनी, टेप. काय काय ऱ्हाईल ते तुम्हीच सांगा."

विम्याचा कागद काढून बघितला तर काकांचं म्हणणं त्यात छापलेलंच होतं, आम्हीच कधी वाचलं नव्हतं. अपघातानंतर गाडी बंदोबस्त न करता तशीच सोडायची नाही. दुरुस्तीआधी चालवलीत तर वाढलेलं नुकसान तुमच्या जोखमीवर. आणि गाडी सुरक्षित ठेवण्याचा, जवळच्या गॅरेजला नेण्या-आणण्याचा खर्च मिळतो, पण साध्या पॅकेज पॉलिसीत खासगी कारला तो सगळा मिळून १५०० रुपयांपर्यंत. मदत क्रमांकावरून येणारा ट्रक हा वेगळा पैसा भरून घेतलेल्या जोडणीतला, म्हणजे ॲड-ऑनमधला असतो. ही दोन खाती वेगळी आहेत, हे आम्हाला त्या रात्री टॉर्चच्या उजेडात कळलं.

ताईनं फोन हातात घेतला. तिनं त्या मुलीला विचारलं, "तुमचा ट्रक सोमवारी मिळेल का? आज फक्त जवळच्या सुरक्षित जागी हलवतो." मुलगी क्षणभर थांबली, कुणाला तरी विचारून आली आणि मिळेल म्हणाली. ताई म्हणाली, "तसा मेसेज पाठवा." मेसेज येईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

म्हणजे दोन टप्पे ठरले. आज रात्री काकांची गाडी, दोन-तीन किलोमीटर. सोमवारी कंपनीचा ट्रक, उरलेले वीसेक किलोमीटर. लांबचा पल्ला दुसऱ्याच्या पैशानं, जवळचा आपल्या.

(महामार्गाचं दिवसाचं दृश्य. तासवडे टोलनाका.)

थोडं महामार्गाबद्दल. हाच अपघात साताऱ्याकडं खंबाटकीच्या घाटातल्या एखाद्या वळणावर किंवा उंब्रजजवळ झाला असता, तर महामार्गाच्या मदत क्रमांकाला, १०३३ ला फोन लावला असता आणि महामार्गाची क्रेन आली असती. तिचं काम वाहतूक मोकळी करणं. ती तुमची गाडी कडेला, सुरक्षित जागी नेते. तुमच्या मेस्त्रीच्या दारात नेत नाही. तिथंही प्रश्न काकांचाच उरतो.

(पुन्हा रात्र.)

जागा कुठली? पंप भरलेला. पोलीस चौकीत नोंद करायची होतीच, पण जखमी नाही, गुन्हा नाही, तर ते गाडी का ठेवून घेतील? काकांनीच सुचवलं : आष्ट्याच्या अलीकडं ओळखीचा वजनकाटा आहे. उसाचा हंगाम सुरू व्हायचाय, आवार मोकळं. सपाट काँक्रीट, वर कॅमेरा, राखणदार रात्री तिथंच झोपतो. मला ही कल्पना इतकी आवडली की पैशाचं बोलायचं राहूनच गेलं. दाजी विसरले नाहीत.

काकांनी साडेचार हजार सांगितले. दाजी म्हणाले, "तीन किलोमीटरला?" काकांनी न चिडता फोड करून दिली. किलोमीटरचे फार नाहीत. कठड्यावर चढलेली गाडी विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून खाली घ्यायची, त्याचे जास्त. तुटलेलं चाक, त्याचे वेगळे. सणाची रात्र, हेल्परला घरून उठवून आणलाय. साडेतीनला तुटलं, पावतीसकट. उचलायच्या आधी ठरवलं ते बरं. गाडी हवेत लटकत असताना भाव करायला उभं राहिलेले लोक मी नंतर पाहिलेत.

मग फोटो. चारही कोपऱ्यांतून, नंबरप्लेट दिसेल असे. कठडा, ब्रेकच्या खुणा, किलोमीटरचा आकडा, काचेवरचे जुने ओरखडे. उचलताना नवीन पोचा पडला तर तो कुणाचा, यावरून पुढं भांडण नको. हायड्रानं पट्टे घालून उचललेल्या गाड्यांच्या दरवाजाखालच्या पट्ट्या चेमटतात. नुकसान तपासायला येणारा विम्याचा सर्व्हेअर विचारतो, हे कठड्यानं कसं झालं? काय उत्तर देणार?

दाजींची गाडी ऑटोमॅटिक. "टोचन लावून नेऊ," म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेऊ, असं गर्दीतला एक जण म्हणत होता. गर्दी असतेच, आणि तिच्यात टोचनवाला एक तरी असतो. साधी गियरची, चारही चाकं धड असलेली गाडी असेल तर टोचन चालतंही. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस स्टेअरिंगवर हवा. आणि त्यानं लक्षात ठेवावं की इंजिन बंद म्हणजे ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं. पण बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असलं की गियरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो. चाकं फिरतात, आतले भाग कोरडे घासतात. बंपरचं काम गियरबॉक्सवर जातं. इलेक्ट्रिक गाडी असली तर विचारच नको, चारही चाकं वर. इथं तर चाकच तुटलेलं. काकांची गाडी सपाट पाठीची होती म्हणून निभावलं.

हूक मात्र सापडेना. गाडी ओढायचा हूक कंपनी देते, तो डिकीत जॅक-पान्याजवळ असतो. बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं, ते काढून आत पिळायचा. दाजींनी सहा वर्षांत तो पाहिला नव्हता. हूक भाच्याला सापडला, स्टेपनीखाली, चकलीच्या डब्याच्या झाकणाशेजारी. पुढचा बंपर लोंबत असल्यानं तो मागं लावावा लागला. हेल्पर जोर लावतोय, हूक बसत नाही. काका ओरडले, "उलटे आटे हाईत त्याला, डावीकडं फिरीव!"

(विंचचा दोर ताणला जातो. लोखंडाची कुरकुर.)

इथं मी काही बोलणार नाही. बघा फक्त. तुटलेल्या चाकाखाली ट्रॉली जॅक सरकवलाय. हेल्पर गुडघ्यावर बसून तो हातभर हातभर पुढं ढकलतोय. काका विंचच्या बटणावर. गाडी उलटी, मागच्या बाजूनं वर चढतेय. दाजी आत नाहीत. गाडीत कुणालाच बसू दिलं नाही. बावीस मिनिटं लागली. आम्ही ती अडीच मिनिटांत कापलीयत.

वर चढल्यावर चारही बाजूंनी पट्टे आवळले. काकांनी दहा नंबरचा पाना मागितला आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. गियर न्यूट्रलला घ्यायचं, हँडब्रेक सोडायचं सगळं आधी करून घेतलं होतं, कारण तार सुटली की काही गाड्या ते करू देत नाहीत.

(वजनकाटा. ट्यूबलाइटचा उजेड. राखणदार डोळे चोळत बाहेर.)

काट्यावर राखणदारानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाले, ठेवा. दाजींनी विचारलं, ठेवल्याचा कागद काही मिळेल का? राखणदार गोंधळला. त्याच्याकडं एकच कागद होता. त्यानं काकांची गाडी आमच्या गाडीसकट काट्यावर घेतली, बटण दाबलं, आणि प्रिंटरमधून चिठ्ठी आली. वाहन क्रमांक, तारीख, वेळ, वजन. काका हसत सुटले. गाडी कोपऱ्यात उतरवली, चाकांना विटा लावल्या, मौल्यवान सामान काढून घेतलं. फराळाचे डबे आमच्या मोटरसायकलवर आले, ताई-दाजी आणि भाचा काकांच्या केबिनमधून आष्ट्याच्या स्टँडवर. तिथून रिक्षा करून सांगलीला पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. भाऊबीज झाली. करंज्यांचा चुरा झाला होता, तो दुधात घालून खाल्ला.

(सोमवार सकाळ. फ्लॅटबेड ट्रक काट्यावर.)

सोमवारी कंपनीचा ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर कृष्णेवरच्या जुन्या आयर्विन पुलाकडं वळणार होता, मी बायपासच्या पुलावरून घ्यायला सांगितलं. अकराच्या सुमारास गाडी वर्कशॉपमध्ये होती, जॉबकार्ड झालं. सर्व्हेअर दुपारी आले. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी फोटो घेतले आणि विचारलं, "अपघात बुधवारी, गाडी आज आली. मधले चार दिवस कुठं होती?"

दाजींनी पाकीट उघडलं आणि वजनकाट्याच्या दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एक आत येतानाची, एक बाहेर पडतानाची. सर्व्हेअरनी दोन्ही उजेडाकडं धरून वाचल्या. मग क्रेनची साडेतीन हजारांची पावती मागितली, तिच्यावर पेन्सिलीनं दीड हजाराचा आकडा लिहिला आणि तिन्ही कागद एका टाचणीत लावले.