ब्रेक तापतो तेव्हा

(दृश्य १ : सिंहगड घाट, रविवार दुपार. उतरणाऱ्या गाड्यांची रांग, मागून.)

या रांगेतल्या पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे बघत राहा. वळण येतं, वळण जातं, दिवे लागलेलेच. आता तिच्या पुढची राखाडी गाडी बघा. दोन वळणांत तिचा दिवा एकदाच लागला, क्षणभर, आणि विझला. वेग दोघींचा तोच. पांढरी ब्रेकवर उतरतेय, राखाडी गिअरवर.

चार माणसं बसलेली एक साधी हॅचबॅक घ्या, एकूण वजन बाराशे किलो. ती पाचशे मीटर उंचीवरून खाली आणायची, तर वाटेत जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. न्हाणीघरातली मोठी बादली भरून. गिअर योग्य असेल तर यातला बराच भाग इंजिन स्वतःच्या अंगावर घेतं. पांढऱ्या गाडीत ही सगळी बादली चार चाकांच्या ब्रेकवर ओतली जातेय, आणि त्यातही जास्त वाटा पुढच्या दोघांचा.

(दृश्य २ : पायथ्याला थांबलेली गाडी. पुढच्या डाव्या चाकातून धूर.)

कॅमेऱ्यात वास येत नाही. आला असता तर हा तिखट, करपल्यासारखा वास तुम्हाला लगेच ओळखू आला असता. मागून कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन येताना दिसतंय. पाणी ओतू नका. ब्रेकच्या तापलेल्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, गार पाणी पडलं की ती वाकते, कधी तडाही जातो, आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी नुसती उभी ठेवायची, एवढंच.

(दृश्य ३ : धायरीतलं एक गॅरेज. चाक उतरवलेलं. कॅलिपर, डिस्क, पॅड जवळून.)

आता आत काय आहे ते बघू. ही चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारं हे कॅलिपर, आणि चिमटीतले हे दोन पॅड. पॅडचा लोखंडी पाठीचा भाग सोडून पुढे जो काळपट मसाला दिसतो, तो नवीन असताना दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. पट्टी लावून दाखवतोय. तीन मिलिमीटर राहिला की पॅड बदलायचा. बऱ्याच पॅडना ही पत्र्याची छोटी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक कीं असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे धूळ बसली असेल, असं समजून महिना महिना फिरणारे लोक आहेत.

एक गोष्ट गॅरेजवालेही कधी कधी घाईत विसरतात. चाकाच्या फटीतून डोकावलं की फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं त्यातली एक जाम झाली असेल, तर एक पॅड शाबूत आणि दुसरा पत्र्यापर्यंत गेलेला, अशी जोडी निघते. ही बघा, या गाडीतली. बाहेरचा सहा मिलिमीटर, आतला दोनसुद्धा नाही. म्हणून तपासणी म्हणजे चाक उतरवूनच. पॅड बदलताना पिना काढून, पुसून, रबराला चालणारं ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस लावलं तर पिनांवरचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पुन्हा तेच.

मागच्या चाकांत बहुतेक लहान गाड्यांना डिस्कऐवजी ड्रम असतो, आत त्याला घासणारे लायनर. ते सावकाश झिजतात म्हणून कुणी उघडत नाही. वर्षातून एकदा ड्रम काढून आतली काळी भुकटी साफ करून घ्या. हँडब्रेक पाच-सहा खटक्यांच्या पुढे जायला लागला, तरीही तिथेच बघायचं.

(दृश्य ४ : बॉनेट उघडं. ब्रेक ऑइलची छोटी टाकी. मग पारदर्शक नळी आणि बाटली.)

खरं दुखणं इथे आहे. मुठीएवढी ही टाकी. हिच्यातल्या द्रवाला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते ऑइल नव्हे. यात चुकून इंजिन ऑइल गेलं तर आतले सगळे रबरी सील फुगून बाद होतात. याचं काम एकच, तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत न्यायचा. द्रव दबत नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पोचतो.

याची एक खोड आहे. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी उभी असली तरी ओढतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने ओढतच असतं. झाकणावर लिहिलेला डॉट तीन किंवा डॉट चार हा त्याचा दर्जा. डॉट तीनचं कोरं द्रव किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट चारचं २३० अंशांना. त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला, तर डिस्क दोनशेच्या पुढे सहज जाते. ती उष्णता पॅडमधून, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून द्रवापर्यंत पोचते. जुनं द्रव उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. पाय थेट तळाला जातो आणि गाडी तशीच पुढे.

ब्रेक तापून जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि पायाला ते वेगळे कळतात. पेडल घट्ट आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी ऐकत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेलीय. पेडल पोकळ लागतंय, खाली खाली जातंय, तर द्रव उकळलंय. पहिल्यात थांबून गार होऊ दिलं की ब्रेक परत येतात. दुसऱ्यातही गार झाल्यावर पेडल वर येतं, आणि तीच फसगत. लोक पुढे निघतात. ते द्रव पुढच्या उतारावर पुन्हा उकळणार.

बदलायचं कसं ते पूर्ण चित्रित केलंय, कारण गॅरेजात हे काम अर्धवट होण्याची फार सवय आहे. टाकीतलं वरचं काळं द्रव पिचकारीने ओढून घ्यायचं आणि नवीन भरायचं, याला बदलणं म्हणत नाहीत. नळ्यांतलं आणि कॅलिपरमधलं तिथेच राहतं, आणि उकळतं ते तिथलं.

नीट पद्धत बघा. टाकी रिकामी करून कोरं द्रव भरलं. आता चाकामागे हे निप्पल, म्हणजे द्रव बाहेर सोडायची छोटी तोटी, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या द्रवात बुडालेलं. एक जण आत बसलाय. बाहेरचा म्हणतो दाब. आतला पेडल दाबून धरतो. बाहेरचा पान्याने निप्पल पाव फेरा सैल करतो. नळीतून हे येतंय ते बघा, चहासारखं तपकिरी, मधे मधे बुडबुडे. निप्पल घट्ट. मग म्हणतो सोड. क्रम चुकला, निप्पल उघडं असताना पाय सुटला, तर हवा उलटी आत जाते. दाब, धर, सोड, असं प्रत्येक चाकाला दहा-पंधरा वेळा, नळीतून स्वच्छ फिकट द्रव येईपर्यंत. बहुतेक गाड्यांत सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्यापासून होते. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत बघायचा. या सगळ्या वेळात टाकी खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो आणि बिल वाढतं.

अर्धा ते एक लिटर द्रव लागतं. दर दोन वर्षांनी. मजुरी धरून हे काम पेट्रोलच्या एका भरलेल्या टाकीपेक्षा स्वस्त पडतं. बाटली सीलबंद हवी. मागच्या वेळची उरलेली, बूच अर्धवट लावलेली बाटली वापरू देऊ नका, तिनेही एव्हाना ओलावा पिलेला असतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पत्र्याचा रंग सोलून निघतो.

आणि टाकीची पातळी कमी दिसली की नुसती भर घालायची नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो, तेवढं द्रव खाली उतरतं. म्हणजे कमी झालेली पातळी सांगतेय की पॅड बघा, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

(दृश्य ५ : नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडणारा महामार्ग. नवले पुलाकडचा उतार, वरून.)

बोगदा संपला की दरी पूल, आंबेगाव, नऱ्हे, मग नवले पूल. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि सलग उताराचा. घाटासारखा दिसत नाही, म्हणून कुणी घाटासारखा चालवत नाही. इथे गाडी न्यूट्रलवर सोडायची खोड मोठ्या वाहनांना आहे, तशीच लहान गाड्यांनाही. कारण विचाराल तर पेट्रोल-डिझेल वाचतं.

वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला जिवंत राहायला स्वतः इंधन जाळावं लागतं, तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे पाच मिनिटांचा उतार न्यूट्रलवर काढलात तर अर्धा कप चहाएवढं पेट्रोल जास्तच गेलं. कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे ही, गाड्या बदलल्या तरी गेली नाही.

त्याहून वाईट म्हणजे चावी फिरवून इंजिनच बंद करणं. काय होतं ते गॅरेजात उभ्या गाडीवर दाखवतोय. इंजिन बंद. पेडल एकदा दाबलं, मऊ. दुसऱ्यांदा, जरा जड. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दगड. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. साठवलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते. आता पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू केली, पेडल किंचित खाली गेलं. ते गेलं म्हणजे बूस्टर ठीक आहे. ही चाचणी तुम्ही घरी पार्किंगमध्ये करू शकता, अर्ध्या मिनिटाची आहे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद, तर नवीन हवा नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका अवजड वाहनामुळे सुमारे ४८ गाड्यांचं नुकसान झालं.

(दृश्य ६ : उतारावरची रात्रीची वाहतूक, पंधरा सेकंद. निवेदन नाही.)

इथे लहान गाडीवाल्याने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. भरलेल्या ट्रकच्या पुढ्यात त्याच लेनमध्ये रेंगाळू नका. पुढे कोंडी दिसली की चारही इंडिकेटर लवकर लावा आणि आरशात मागे बघत बघत थांबा. थांबल्यावर पुढच्या गाडीशी एका गाडीचं तरी अंतर सोडा, बाजूला निघायला जागा राहते.

(दृश्य ७ : दिवे घाट, गाडीच्या आतून. गिअरचा दांडा आणि चालकाचे पाय.)

गिअर कधी टाकायचा? उतार लागायच्या आधी. वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलं की झटका बसतो, पावसात चाक घसरूही शकतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, हे जुन्या चालकांचं वाक्य आजही चालतं. सिंहगडावर ते बहुतेक ठिकाणी दुसरा, एकदम मुरडणाऱ्या वळणावर पहिला. दिवे घाटात तिसरा, मधे मधे दुसरा. इंजिनचा आवाज वाढतो, काटा अडीच-तीन हजारांवर जातो, आणि शेजारी बसलेले म्हणतात, गाडी ओरडतेय. ओरडू दे. पेट्रोल इंजिन साडेतीन हजारांवर दिवसभर फिरलं तरी त्याला काही होत नाही.

यानंतरही ब्रेक लागतोच. पाय बघा. चाळीसवर गेली, ठामपणे दाबून तीसवर आणली, पाय पूर्ण काढला. पुन्हा चाळीस, पुन्हा तीस. मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो. पाय नुसता टेकवून ठेवला तर वारा मिळतच नाही, पांढऱ्या गाडीचं तेच झालं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी डी वर सोडून देऊ नये. एल असेल तर एल, हाताने गिअर बदलायची सोय असेल तर वजाकडे ढकलून दुसरा. विजेच्या गाडीत मोटरच ब्रेकचं काम करते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर तिला ती वीज ठेवायला जागा नसते आणि ही मदत खूप कमी होते. वरच्या हॉटेलात चार्जिंग करायचं असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवा.

पेडल तळाला गेलंच तर चावीला हात लावू नका. पेडल भराभर पंप करा, थोडा दाब अनेकदा परत येतो. गिअर एक एक करून खाली. हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढा, झटक्यात ओढलात तर मागची चाकं बांधली जाऊन गाडी फिरते. आणि गाडी कडेला न्यायची तर दरीकडे नाही, डोंगराकडे.

(दृश्य ८ : घाटातला थांबा. चाकामागे लावलेला दगड.)

उतरून आल्यावर लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका, तापलेले लायनर ड्रमला धरून बसतात. पहिला किंवा रिव्हर्स गिअर, पुढची चाकं कठड्याकडे वळवलेली, आणि चाकाला दगड.

निघताना तो दगड उचलून कडेला टाका. दिवे घाटात डांबरावर राहिलेले असे पाच दगड या चित्रीकरणाच्या सकाळी मिळाले. हा शेवटचा, वळणाच्या बरोबर आत.