तंजावरच्या सरस्वती महालात

[दृश्य : बृहदीश्वराचं शिखर, मग भिंतीवरचा शिलालेख]

चोळांनी बांधलेलं हे मंदिर, आणि त्याच्या भिंतीवर 1803 साली मराठीत कोरलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथल्या गादीवर आले, आणि 1855पर्यंत तंजावर भोसल्यांकडे राहिलं. राजे मराठी, रयत तमिळ, दरबारातले कवी तेलुगू आणि संस्कृतातही लिहिणारे.

[दृश्य : राजवाडा, सरस्वती महालाचं दार]

हा राजवाडा भोसल्यांआधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांचा, सरस्वती महालातल्या ग्रंथसंग्रहाची सुरुवातही त्यांचीच. तो वाढवला दुसऱ्या सरफोजीराजांनी. ग्रंथालयालगतच्या संग्रहालयात ताडपत्रांवरच्या पोथ्या आहेत, सोन्याचा वर्ख लावलेली तंजावरी चित्रं आहेत आणि फ्रेंच चित्रकार ल ब्रूँ याची छापील चित्रंही.

[दृश्य : काचेमागची चित्रं, जवळून]

इथे जरा थांबा. एका बाजूला माणसाचा चेहरा, शेजारी जनावराचा. तेच नाक, तीच भुवई, तीच नजर. युरोपातली ही चित्रं कावेरीकाठच्या एका मराठी राजाने हौसेने जमवली.

पण सरफोजी नुसते संग्राहक नव्हते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती, म्हणजे कुरवर जमातीची बाई येते, आपल्या मुलखाचं वर्णन करते, भविष्य सांगते. ‘देवेंद्र कुरवंजी’ या सरफोजींच्या मराठी नाटकात हीच कुरत्ती साऱ्या जगाचा भूगोल सांगते! साचा तमिळ, भाषा मराठी, ज्ञान युरोपातून आलेलं. मला तर या एका नाटकात अख्खं तंजावर दिसतं.

[दृश्य : हरिकथेचा कार्यक्रम]

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. मराठी कीर्तन इथे रुजलं आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, अभंग हे मराठी पद्यप्रकार कायमचे मुक्कामाला आले.

[दृश्य : मोडी कागदपत्रं]

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी मोठं देऊळ पाहून परत फिरू नये. 1918पासून हा संग्रह सर्वांसाठी खुला आहे. त्यात मराठी हस्तलिखितंच तीन हजारांहून अधिक आहेत, आणि दरबारी मोडी कागदपत्रं आहेत ती वेगळीच. ती वाचायला मोडी येणारी माणसं हवीत. तमिळनाडूने हा ठेवा सांभाळला आहे; मोडी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इथे येऊन बसावं.